जुनी गाडी : घरी काय करावे, कुठे थांबावे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दारात आजही अशा गाड्या उभ्या दिसतात, ज्या कारखान्यांनी कधीच बनवणे बंद केले आहे. कुणाकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, कुणाकडे मारुती ८०० आहे, कुणाची ओम्नी बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला किंवा घोडेगावला जाऊन येते. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुनी ठेवणारे आहेत, तसेच शौक म्हणून ठेवणारेही आहेत. सुटीच्या दिवशी दोन तास बॉनेट उघडून पाने फिरवणारी मंडळी आता खेड्यापाड्यांतही आढळतात.

हा छंद चांगला आहे. त्यात पैशाची बचत आहे, हाताला कसब येते आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी, टळते. पण याच छंदात जिवाचा धोकाही आहे. कारण ही गाडी घराच्या अंगणातून निघून माळशेजच्या उतारावर जाते आणि तिच्यात आपली बायका-मुले बसलेली असतात. म्हणून घरी कोणते काम करावे आणि कोणत्या कामाला हात लावू नये, ही रेघ आधी आखून घेतली पाहिजे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

या गाड्या कोणत्या?

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि साधारण २००० सालापर्यंत बनत राहिली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडरही २०१४ मध्येच बंद झाली. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत चालली.

व्यापाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईक घटले की माल बनवणाराही हात आखडता घेतो, हा बाजाराचा नियम आहे. म्हणून पद्मिनी घेण्यापूर्वी तिचे सुटे भाग कुठे मिळतील याची पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला चौकशी करावी. मारुती ८०० च्या बाबतीत ही अडचण कमी, कारण ती गाडी देशभर फार मोठ्या संख्येने विकली गेली.

जुनी गाडी किती काळ चालू शकते याचे जगातले मोठे उदाहरण म्हणजे क्यूबा. अमेरिकेने १९६० च्या दशकात व्यापारबंदी लादल्यावर तिथल्या लोकांनी १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटारी घरच्या घरी दुरुस्त करून चालत्या ठेवल्या. त्यातल्या कित्येक आजही हवानाच्या रस्त्यांवर धावतात. हाताने जपले तर लोखंड दीर्घकाळ टिकते, हे यावरून दिसते.

आपल्या जुन्नरलाही हातकामाची परंपरा नवी नाही. पेशवाईत जुन्नरच्या हातकागदाला नाव होते आणि तो कागद कागदी मंडळींच्या हातून तयार होई. हात, डोळा आणि सबुरी ही तीन हत्यारे त्या कामात लागत. मोटारीलाही तीच लागतात.

कागद आधी पाहा

गाडीला हात लावण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक पाहावे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीत योग्य ठरली तर ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्यासाठी फॉर्म २५ भरावा लागतो. दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाखाली, म्हणजे एमएच-१४ मध्ये येतात. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी १०,००० रुपये झाली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विमा व पीयूसी तर हवेच.

दिल्ली परिसरातील डिझेल गाडीला १० वर्षे व पेट्रोल गाडीला १५ वर्षे या अटीची चर्चा ऐकून आपल्याकडचे काही लोक घाबरतात आणि चांगली गाडी भंगारात देतात. ती अट दिल्ली परिसरापुरती आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली की नोंदणी वाढते. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे व तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

आणखी एक गोष्ट. इंजिन बदलणे, छत कापणे, सांगाड्यात फेरफार करणे हे शौकाचे काम नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीवाचून असे बदल करता येत नाहीत.

पान्याआधी वही

दुकानात आपण उधारीची वही ठेवतो. तशीच एक वही गाडीची ठेवावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, घातलेला भाग, खर्च, आणि शेवटी 'पुढे काय पाहायचे' असा एक रकाना. ऑइल कधी बदलले, बॅटरी कोणत्या महिन्यात घेतली, डावे चाक कधी उघडले, हे सहा महिन्यांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही. वहीत असले की आजार कळतो. दर आठवड्याला पाव लिटर पाणी घालावे लागते असे वहीत दिसले, तर रेडिएटर, होज पाइप किंवा हेड पॅकिंग यांपैकी कुठेतरी गळती आहे हे गाडी बंद पडण्याआधीच समजते.

घरी करण्याजोगी कामे

*ऑइल :* साधारण ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने, यांतील जे आधी येईल तेव्हा जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन ऑइल बदलावे. कोणत्या दर्जाचे ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा थर जमत असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याचा संभव आहे. ऑइल कमी होऊन धूर निळसर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. ही चार लक्षणे पाठ करून ठेवावीत. जळके ऑइल ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. कुकडी आणि घोड या नद्यांचेच पाणी आपण पितो. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

*पाणी व कूलंट :* इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंड-हात भाजतात. नुसत्या नळाच्या पाण्याने आत गंज व क्षार धरतात, म्हणून कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे. होज पाइप हाताने दाबून पाहावा. फुगलेला, चिरलेला किंवा फार मऊ झालेला पाइप बदलून टाकावा.

*बॅटरी :* पाणी घालण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बॅटरी काढताना बॉडीला जोडलेली वायर, म्हणजे बहुतेक गाड्यांत ऋण टोकाची, आधी सोडावी व बसवताना ती शेवटी जोडावी. असे न केल्यास पाना बॉडीला टेकून मोठी ठिणगी पडते. साधा मीटर घेऊन तपासणी करता येते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. आकडा वाढतच नसेल तर दोष बॅटरीत नसून डायनॅमो, अल्टरनेटर किंवा फॅनबेल्टच्या बाजूला शोधावा. नवी बॅटरी विनाकारण घेतली जाते ती बहुधा ही तपासणी न केल्यामुळेच.

*प्लग व पॉइंट :* प्लग काढून पाहणे ही इंजिनाची नाडी पाहण्यासारखी गोष्ट आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळी कोरडी काजळी असेल तर मिश्रण जाड, ओलसर तेलकट असेल तर ऑइल वर येत आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांत पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो. तरी आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा व फीलर गेजने मोजावा. नजरेचा अंदाज चालत नाही.

प्लगच्या वायरीबद्दल आपल्या भागापुरती एक गंमतीची पण खरी गोष्ट. ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात. वायर जुनी, प्रतिरोध नसलेली असली की गाडीच्या रेडिओत खरखर येते ती यामुळेच. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ऐकते. अमेरिकेत ग्रीन बँक येथे अशाच दुर्बिणीच्या जवळ ठिणगीवर चालणारी पेट्रोलची वाहने नेत नाहीत, डिझेलची वापरतात. आपण चांगल्या प्रतिरोधाच्या वायरी बसवल्या तर आपला रेडिओही स्वच्छ वाजेल.

*हवा व पेट्रोल :* पूर्वेकडे आण्याच्या पठारावर आणि बेल्ह्याच्या बाजूला धूळ फार. तिथे जाणाऱ्याने एअर फिल्टर लवकर लवकर झाडावा व वेळेवर बदलावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व पॅकिंग या पेट्रोलसाठी बनवलेली नव्हती, ती मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. म्हणून पेट्रोलच्या जुन्या नळ्या आता बसतील अशा नव्या प्रकारच्या घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

*गंज :* जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेला तळ बांधणे महाग पडते. माळशेज, भीमाशंकर, डिंभे या पश्चिम पट्ट्यात पाऊस दांडगा. पावसाळ्याआधी व नंतर पायाखालचे मॅटिंग पूर्ण उचलून तळ पाहावा. दारांच्या खालची पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. गंज दिसला की तारेच्या ब्रशने लोखंड लागेपर्यंत घासून रेड ऑक्साइड लावावा व नंतर रंग द्यावा. गंजावरच लांबी भरून रंग देणे म्हणजे विरलेल्या कापडाला खळ लावून विकण्यासारखे आहे. वरून कडक, आतून पोकळ.

*टायर :* टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '३२१९' म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी दिसत असली तरी वयाने रबर कडक होऊन चिरते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर काढावा.

जिथे हात आवरावा

आता रेघेच्या पलीकडची कामे. पहिले ब्रेक. मढच्या पुढे माळशेजचा उतार लागला की ब्रेक सतत दाबले जातात व तापतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. ओल धरलेले ऑइल तापून उकळते, नळीत वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. सपाट रस्त्यावर उत्तम लागणारे ब्रेक घाटात दगा देतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदललेच पाहिजे. घरी आपण त्याची पातळी पाहावी, चाकाच्या आत ओल आहे का ते पाहावे, पॅडल दाबून पाहावे. पॅडल स्पंजासारखे लागले तर हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेले तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यावा. इतके निदान आपले, दुरुस्ती उस्तादाची. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला रोखू द्यावे. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नये, ती फुप्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसावी व ते फडके फेकून द्यावे.

दुसरे स्टिअरिंग व पुढचे चाकजोड. स्टिअरिंग फिरवताना बराच सैलपणा जाणवला, चाक हलवल्यावर खटखट आली, तर गाडी उभी करावी व कारागीर बोलवावा.

तिसरे, गाडीखाली जाणे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. जमीन पक्की व सपाट हवी, दुसऱ्या चाकांना पुढे-मागे दगड हवेत आणि वजन लोखंडी स्टँडवर हवे. विटांवर विसंबू नये, त्या वजनाखाली एकाएकी फुटतात.

चौथे, बंद जागेत इंजिन चालू ठेवणे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोप आल्यासारखा बसतो तो उठत नाही. शेडचे दार पूर्ण उघडे असल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. आणि भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरून जवळ चूल, शेगडी किंवा विडी असणे, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेब

शौक असला तरी हिशेब सोडू नये. समजा, गाडीची आजची किंमत ६०,००० रुपये आहे. घरच्या देखभालीचा वर्षाचा खर्च वहीत पाहावा, त्यात विमा, पीयूसी आणि नूतनीकरणाच्या फीचा वार्षिक हिस्सा मिळवावा. १०,००० रुपयांची फी ५ वर्षांसाठी असेल तर वर्षाला २,००० रुपये. ही बेरीज आणि त्याच कामासाठी लागणारे भाडे किंवा नव्या गाडीचा हप्ता, यांची तुलना करावी. नव्या गाडीच्या हप्त्यात व्याज येते हेही आपल्या बांधवांनी विसरू नये. आमचे मत असे, की एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर पाना खाली ठेवून आधी घरच्यांशी मसलत करावी. शौकासाठी कर्ज काढू नये.

कारागिरांचा फायदा

जुनी गाडी राखणारा मालक एकटा काही करत नाही. त्याला लेथवाला लागतो, वेल्डर लागतो, रेडिएटर झाळणारा, सीट शिवणारा, पत्रा ठोकणारा लागतो. नव्या गाडीचा भाग बिघडला की तो पूर्ण काढून नवा बसवतात, पैसा कंपनीकडे जातो. जुन्या गाडीचा भाग दुरुस्त होतो, पैसा गावातल्या कारागिराकडे राहतो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशा हमरस्त्यावरच्या ठिकाणी या कामाला गिऱ्हाईक आहे. आपल्या मुलांनी केवळ पाहून शिकण्यावर थांबू नये. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल हा २ वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. उस्तादाचा हात आणि आयटीआयचा कागद दोन्ही जवळ असले तर बँकही दारात उभे करते.

विकताना

शेवटी एक नाजूक बाब. शौकीन माणूस गाडी सुधारतो व पुढे विकतो. इथे मन डळमळते. गंजावर रंग मारला, गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये काहीतरी टाकले, निळा धूर लपवण्यासाठी जाड ऑइल भरले, की गिऱ्हाइकाला कळत नाही. हदीसमध्ये वृत्तांत आहे की, हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले आणि फसवणाऱ्यापासून आपला संबंध नाकारला. गाडीच्या बाबतीत ओले धान्य म्हणजे तळाचा गंज आणि घाटात न लागणारे ब्रेक. धान्य ओले निघाले तर पैसे बुडतात, ब्रेक खोटे निघाले तर माणसे जातात. शरीअतमध्ये लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिलेला आहे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

म्हणून विकताना ती वही गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी. काय बदलले, काय बाकी आहे, दोन्ही त्यात असावे. दोष सांगून किंमत थोडी कमी आली तरी चालेल, त्या पैशात बरकत असते. त्याचबरोबर फॉर्म २९ व ३० भरून घ्यावेत आणि राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे. नाव न बदलता गाडी दिली आणि पुढे अपघात झाला, तर नोटीस जुन्या मालकाच्याच दारात येते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी पाऊस सुरू होण्यापूर्वी एक सुटी राखून ठेवावी. मॅटिंग उचलून तळ पाहावा, वायपरचे रबर व दिवे तपासावेत, टायरवरचे चार आकडे वाचावेत आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते वहीत शोधावे. तारीख सापडली नाही, तर घाटात जाण्याआधी गाडी उस्तादाकडे न्यावी. वहीचे पहिले पान त्याच दिवशी सुरू करावे.